पंचावन्नच्या पाटीची गोष्ट

हायवेवरची वेगमर्यादा वाढवावी की नाही, हा विषय आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये खड्ड्यांइतकाच हमखास निघतो. एक पार्टी म्हणते, रस्ता एवढा झकास केलाय, गाड्या एवढ्या भारी आल्यात, मग शंभरची पाटी कशाला? दुसरी पार्टी म्हणते, आधी लेन पाळायला शिका, मग वेगाचं बोला. चहा संपतो, वाद संपत नाही.

गंमत म्हणजे हाच वाद अमेरिकेत तब्बल बावीस वर्षं चालला. कॅन्टीनमध्ये नाही, तर संसदेत, कोर्टात, अर्थशास्त्राच्या जर्नल्समध्ये आणि अर्थातच रस्त्यावर. १९७४ पासून १९९५ पर्यंत तिथे अख्ख्या देशाला एक राष्ट्रीय वेगमर्यादा होती. सुरुवातीची तेरा वर्षं ती होती ताशी ५५ मैल, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण ८८ किमी. ऑनसाइट जाऊन आलेल्यांना ६५ च्या पाटीखाली ७५ ने जाणाऱ्या गाड्या आठवत असतील. त्या सवयीची मुळंसुद्धा या ५५ मध्ये आहेत. हा आकडा कुठून आला, का टिकला आणि कसा गेला, हे वाचायला घेतलं आणि वीकेंड त्यातच गेला. म्हटलं लिहूनच काढावं.

तर सुरुवात होते ऑक्टोबर १९७३ मध्ये. इजिप्त-सीरिया आणि इस्राएल यांच्यात युद्ध पेटलं. अमेरिकेने इस्राएलला शस्त्रं पुरवली, म्हणून अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. बॅरलला ३ डॉलरच्या आसपास असलेला भाव १९७४ च्या सुरुवातीला १२ डॉलरपर्यंत गेला. पेट्रोल पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. ७ नोव्हेंबर १९७३ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन टीव्हीवर आले आणि त्यांनी लोकांना बऱ्याच गोष्टी करायला सांगितल्या. घरातले हीटर जरा कमी ठेवा वगैरे. त्यातच एक आवाहन राज्यांना होतं. हायवेवरची मर्यादा ५० मैलांवर आणा, देशभर हे झालं तर दिवसाला दोन लाख बॅरलहून जास्त तेल वाचेल.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या भाषणात वेगमर्यादेचं कारण तेल होतं. अपघातांचा मुद्दा तेव्हा मुख्य नव्हताच.

नंतर प्रस्ताव थोडा बदलला. कारना ५० आणि ट्रक-बसना ५५, असं निघालं. तरी ट्रकवाले खवळले. त्यांचा पैसा मैलावर, त्यामुळे वेग कमी म्हणजे सरळ कमाई कमी, आणि वर डिझेलचे भाव वाढलेले. डिसेंबर १९७३ मध्ये त्यांनी ठिकठिकाणी ट्रक आडवे लावून हायवे बंद पाडले. शेवटी तडजोड म्हणून सगळ्यांनाच ५५ ठरलं आणि २ जानेवारी १९७४ ला निक्सननी कायद्यावर सही केली. म्हणजे ५५ हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. रस्त्याची वळणं, ब्रेकचं अंतर, टायर असलं काही मोजून तो काढलेला नव्हता. इंजिनिअर म्हणून मला हे वाचून थोडा धक्काच बसला, पण मग आपल्याकडच्या रिलीजच्या तारखा कशा ठरतात ते आठवलं आणि धक्का ओसरला :-)

आता अडचण अशी की अमेरिकेत वेगमर्यादा हा राज्यांचा विषय. प्रत्येक राज्याची मर्यादा वेगळी. पश्चिमेकडच्या बऱ्याच राज्यांत ७०-७५ होती आणि मोंटाना, नेवाडासारख्या ठिकाणी दिवसा आकडाच नव्हता. मग वॉशिंग्टनने ५५ लावला कसा? युक्ती साधी होती. कायद्याने राज्यांना ५५ लावा अशी सक्ती केली नाही, फक्त म्हटलं की जे राज्य ५५ च्या वर मर्यादा ठेवेल त्याला केंद्राचा हायवे निधी मिळणार नाही. इंटरस्टेट हायवेच्या खर्चातला ९० टक्के वाटा केंद्राचा. एवढ्या पैशावर पाणी सोडायला कोण तयार होणार? सगळी राज्यं निमूटपणे रांगेत आली. (हीच युक्ती पुढे १९८४ मध्ये दारू पिण्याचं किमान वय २१ करायला वापरली आणि १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती वैध ठरवली.)

मार्च १९७४ च्या सुरुवातीला देशभर ५५ च्या पाट्या लागल्या. आणि त्याच मार्च महिन्यात अरब देशांनी बंदी उठवली! ज्या रोगासाठी औषध आणलं तो रोग औषध पोटात जाईपर्यंत ओसरायला लागला होता. जर्मनीत याच हिवाळ्यात, नोव्हेंबर १९७३ मध्ये, ऑटोबानवर ताशी १०० किमीची मर्यादा आणली होती. तिथे मोटारवाल्यांच्या संघटनेने जोरदार मोहीम चालवली आणि मार्च १९७४ मध्ये ती मर्यादा गेलीसुद्धा. उरली ती १३० ची निव्वळ शिफारस. अमेरिकेतही असंच व्हायला हरकत नव्हती. पण तिथे मधल्या काळात कुणाच्या ध्यानीमनी नसलेली एक गोष्ट घडली होती.

१९७३ मध्ये अमेरिकेत रस्ते अपघातांत ५४,०५२ माणसं मेली होती. १९७४ मध्ये हा आकडा ४५,१९६ वर आला. एका वर्षात जवळजवळ नऊ हजार माणसं कमी, म्हणजे साधारण १६ टक्के घट. लोकांनी गाड्या कमी चालवल्या म्हणून असेल म्हणावं, तर एकूण मैल कमी झाले होते फक्त अडीच टक्क्यांच्या आसपास. तेलाचा बग फिक्स करायला टाकलेल्या पॅचने भलताच, त्याहून कितीतरी मोठा बग कमी केला होता.

आणि मग कायद्याचं कारणच बदललं. तात्पुरता म्हणून आणलेला ५५ जानेवारी १९७५ मध्ये कायमचा झाला, तेव्हा चर्चेत तेलाच्या जोडीला माणसांचे जीव आले होते.

पण कारण बदललं तरी आकडा तोच राहिला, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या भांडणाचं बीज इथेच आहे. तेल वाचवायचं असेल तर सगळ्या रस्त्यांना एकच आकडा लावणं एकवेळ समजू शकतं. इंजिनला न्यू जर्सी काय आणि मोंटाना काय, सारखंच. पण जीव वाचवायचे असतील तर रस्त्यारस्त्यात फरक करावा लागतो. मोंटाना हे आकाराने महाराष्ट्राहून मोठं राज्य, आणि त्या काळी तिथली लोकसंख्या होती सुमारे सात लाख. क्षितिजापर्यंत सरळसोट रस्ता, मैलोन् मैल समोरून गाडी नाही, दवाखाना किंवा बाजार शंभर मैलांवर. तिथल्या माणसाला ५५ म्हणजे न्यूयॉर्कवाल्यांनी घातलेली बेडी वाटली तर त्यात नवल नाही.

मोंटानाने मग निषेधाची आपली तऱ्हा शोधली. कायदा केला, पण दिवसा मर्यादा तोडली तर दंड फक्त ५ डॉलर. आणि गुन्हा कुठला, तर वेगाचा नाही, टंचाई असलेल्या इंधनाची नासाडी केल्याचा! लायसन्सवर त्याची नोंदसुद्धा व्हायची नाही. लोक म्हणे पाचाची नोट हाताशीच ठेवून गाडी चालवायचे. बाकी देशातही फार वेगळी स्थिती नव्हती. ट्रकवाल्यांनी सीबी रेडिओ बसवले आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत ते एकमेकांना सांगायला लागले. त्या रेडिओची कारवाल्यांमध्येही लाट आली. सरकारने १९७९ मध्ये नियम काढला की नव्या गाड्यांच्या स्पीडोमीटरवर ८५ च्या पुढे आकडेच नकोत आणि ५५ ठळक दाखवा. हा नियम दोन-तीन वर्षांतच मागे घेतला. पण त्या काळातल्या डेलोरियन गाडीचा काटाही ८५ ला संपायचा. 'बॅक टू द फ्यूचर' मध्ये त्याच गाडीला काळाच्या पलीकडे जायला ८८ मैल गाठावे लागतात!

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, कारण यात एक खरा प्रश्न होता. जो कायदा अर्ध्याहून जास्त लोक रोज मोडतात, त्याचं करायचं काय? केंद्राने राज्यांना सांगितलं की निदान निम्म्या गाड्या ५५ च्या आत आहेत हे मोजून दाखवा, नाहीतर निधी कापू. मग राज्यं पोलिसांना घाटातल्या, वळणावरच्या धोकादायक रस्त्यांवरून काढून मोकळ्या, तुलनेने सुरक्षित इंटरस्टेटवर उभी करायला लागली. का, तर आकडे तिथले द्यायचे होते. केपीआयसाठी काम करणं हा प्रकार आपल्याच क्षेत्रात आहे असं समजू नका.

१९८४ मध्ये, दहा वर्षं झाल्यावर, अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने या सगळ्याचा हिशोब मांडला. मला हा अहवाल या गोष्टीतला सगळ्यात प्रामाणिक कागद वाटतो. त्यांनी सांगितलं की १९७४ मध्ये वाचलेल्या नऊ हजारांपैकी ५५ मुळे वाचलेले साधारण तीन ते पाच हजार, बाकीचं श्रेय कमी प्रवासाला आणि इतर गोष्टींना. त्यानंतर दरवर्षी दोन ते चार हजार जीव वाचतायत. तेल वाचतंय दिवसाला सुमारे १ लाख ६७ हजार बॅरल, म्हणजे हायवेवरच्या इंधनाच्या दोनेक टक्के. आणि या सगळ्याची किंमत? लोकांचे वर्षाला सुमारे १०० कोटी तास जास्त गाडीत जातायत.

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. जीव मधला आकडा धरून ३,००० घेऊ. १०० कोटी भागिले ३,००० म्हणजे एका जीवामागे सुमारे ३ लाख ३३ हजार तास. दिवसाचे २४ आणि वर्षाचे ३६५ धरले तर ३८ वर्षं. म्हणजे एक माणूस वाचवायला बाकीच्या सगळ्यांनी मिळून ३८ वर्षं जास्तीची गाडीत काढली.

हे महाग आहे की स्वस्त? मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही पटकन सांगता येणार नाही. पण एकदा असा भाव समोर ठेवला की मग निदान कशाबद्दल बोलतोय ते कळतं. "वेग म्हणजे मृत्यू" आणि "वेग म्हणजे स्वातंत्र्य" या दोन घोषणांमध्ये हा भाव कुठेच येत नाही.

ज्यांना ५५ नको होता त्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरंच दमदार होता, तो सांगायलाच हवा. १९६४ मध्ये डेव्हिड सॉलोमन नावाच्या संशोधकाने हायवेवरच्या सुमारे दहा हजार चालकांच्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. त्याला आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा मिळाला. सरासरी वेगाच्या फार वर जाणारे जास्त अपघातांत सापडतात, पण सरासरीच्या फार खाली चालणारेही तितकेच! १९८५ मध्ये चार्ल्स लेव्ह या अर्थशास्त्रज्ञाने हाच धागा पुढे नेला. त्याचं म्हणणं, खरा मारेकरी वेग नसून वेगातली तफावत आहे. सगळे ७० ने गेले तर कुणी कुणाला ओव्हरटेक करत नाही. निम्मे कायदा पाळून ५५ ने आणि निम्मे कायदा मोडून ७० ने गेले, तर लेन बदलणं, मागून येऊन आदळणं, सगळं वाढतं. म्हणजे न पाळला जाणारा कायदाच धोका वाढवतो.

त्याच्यावर टीकाही झाली. सॉलोमनच्या हळू गाड्यांमध्ये वळण्यासाठी किंवा थांबण्यासाठी वेग कमी केलेल्या गाड्याही होत्या, असा आक्षेप नंतर घेतला गेला. शिवाय तफावत अपघाताची शक्यता ठरवत असेल, पण अपघात झाल्यावर माणूस जगेल की नाही हे वेगच ठरवतो. तिथे न्यूटन आडवा येतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ५५ चे ६५ केले की वेग वाढतो १८ टक्के, पण धडकेतली ऊर्जा वाढते ४० टक्के.

१९८६-८७ पर्यंत तेल पुन्हा स्वस्त झालं होतं आणि पश्चिमेकडच्या राज्यांचा धीर सुटत चालला होता. नेवाडाने तर आपल्या हायवेच्या एका तुकड्यावर ७० ची मर्यादा लावायचा कायदा केला, निधी अडवला गेला, राज्य कोर्टात गेलं आणि १९८९ मध्ये हरलं. पण तोवर संसदेतच वारं फिरलं होतं. मार्च १९८७ मध्ये एक मोठं हायवे विधेयक आलं, त्यात ग्रामीण इंटरस्टेटवर ६५ ची मुभा होती. राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा ६५ ला पाठिंबाच होता, पण विधेयकातला बाकीचा खर्च त्यांना उधळपट्टी वाटला म्हणून त्यांनी ते नाकारलं. त्यांचा नकार उलटवायला सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं हवी होती. मिळाली ६७ विरुद्ध ३३, म्हणजे एक मत इकडचं तिकडे झालं असतं तरी विधेयक पडलं असतं. वेगमर्यादा वाढली, पण ती मतं खरं तर आपापल्या राज्यातल्या पूल, बोगदे आणि रस्त्यांच्या पैशांसाठी पडली होती. पुन्हा तेच. आकडा बदलला, पण ज्या कारणाने बदलला त्यात वेग दुय्यम.

चाळीसेक राज्यांनी ६५ चा लाभ घेतला. आणि अभ्यासकांना न मागता एक प्रयोग मिळाला. काही राज्यांत मर्यादा वाढली, काहींत नाही, करा तुलना. निकाल? भांडण आणखी वाढलं. बऱ्याच अभ्यासांत दिसलं की जिथे मर्यादा वाढली त्या ग्रामीण इंटरस्टेटवर मृत्यू वाढले. १९९४ मध्ये लेव्ह आणि त्याच्या सहकाऱ्याने उलट मांडलं. एकच रस्ता बघू नका, अख्खं राज्य बघा. लोक धोकादायक छोटे रस्ते सोडून इंटरस्टेटवर आले, पोलीस मोकळे होऊन जिथे गरज तिथे गेले, आणि मर्यादा वाढवलेल्या राज्यांत एकूण मृत्युदर इतरांच्या तुलनेत ३ ते ५ टक्क्यांनी घटला. दोन्ही बाजूंकडे डेटा, दोन्ही बाजूंकडे पीएचडी!

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते २००४ मध्ये छापून आलेल्या एका पेपरने. ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी प्रश्नच फिरवून विचारला. मर्यादा वाढवणाऱ्या राज्यांनी नकळत एका जीवाची किंमत किती लावली? त्यांचं गणित असं. त्या रस्त्यांवर प्रत्यक्ष वेग वाढला ताशी अडीच मैलच, म्हणजे सुमारे ४ टक्के. मृत्युदर वाढला सुमारे ३५ टक्के. हिशोब केला तर गेलेल्या प्रत्येक जीवामागे लोकांचे सुमारे १ लाख २५ हजार तास वाचले. त्या तासांना सरासरी पगाराचा भाव लावला तर एका जीवाचे होतात १५ लाख ४० हजार डॉलर (१९९७ च्या भावाने). आपल्या आधीच्या पद्धतीने मोजलं तर सव्वा लाख तास म्हणजे १४ वर्षं. ५५ च्या काळात एका जीवासाठी ३८ वर्षं मोजली जात होती, ६५ च्या वेळी एक जीव १४ वर्षांना गेला. दोन्ही आकडे वेगवेगळ्या रस्त्यांचे आणि वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले, त्यामुळे त्यांची सरळ वजाबाकी करू नये. पण दोन्ही वेळा सौदा झाला आणि दोन्ही वेळा मत देणाऱ्यांपुढे तो भाव लिहिलेला नव्हता, एवढं नक्की.

शेवट लवकर सांगतो. १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला दोन्ही सभागृहांत बहुमत मिळालं. राज्यांचे अधिकार राज्यांना, ही त्यांची घोषणा. २८ नोव्हेंबर १९९५ ला क्लिंटननी ज्या कायद्यावर सही केली, त्याने राष्ट्रीय वेगमर्यादा रद्द झाली. डिसेंबरमध्ये मोंटानात दिवसाचा आकडा पुन्हा गायब झाला आणि "वाजवी आणि शहाणपणाचा वेग" हा जुना नियम परत आला. मग ताशी ८५ मैलांनी जाणाऱ्या एका चालकाला दंड झाला, तो कोर्टात गेला, आणि डिसेंबर १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाजवी म्हणजे किती हे माणसाला आधी कळलंच पाहिजे, हा नियम संदिग्ध आहे म्हणून रद्द. १९९९ मध्ये स्वातंत्र्यप्रिय मोंटानाने स्वतःहून ७५ ची पाटी लावली. टेक्सासमध्ये २०१२ मध्ये एका टोल रस्त्यावर ८५ ची मर्यादा आली, आणि ती जास्त ठेवल्याबद्दल कंपनीने राज्याला जास्त पैसे मोजले. तिथे तर भाव उघडच लावला, फक्त तो जीवांचा नव्हता.

राष्ट्रीय मर्यादा गेल्यावर रक्ताचे पाट वाहतील, असं विरोधक म्हणत होते. १९९५ मध्ये एकूण मृत्यू होते ४१,८१७, १९९६ मध्ये ४२,०६५ आणि १९९७ मध्ये ४२,०१३. कुठे आहेत पाट, असं समर्थकांनी विचारलं आणि ते स्वाभाविकच होतं. पण याच काळात सीटबेल्ट वाढले, एअरबॅग आल्या, ट्रॉमा केअर सुधारलं. मग आकडा खाली का आला नाही? २००९ मध्ये एका अभ्यासाने अंदाज काढला की १९९५ ते २००५ या दहा वर्षांत मर्यादा उठवल्यामुळे सुमारे १२,५०० जास्तीचे मृत्यू झाले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या हायवे सुरक्षा संस्थेने १९९३ ते २०१७ या पंचवीस वर्षांसाठी वाढत्या वेगमर्यादांचा हिशोब केला, तो सुमारे ३७ हजारांवर गेला.

या माणसांबद्दल विचार करताना एक गोष्ट जाणवते. त्यांची नावं कुणालाच सांगता येणार नाहीत. अपघात झाला की कारण लिहिलं जातं टायर फुटला, झोप लागली, पाऊस होता, दारू प्यायलेला होता. "मर्यादा दहा मैलांनी वाढवल्यामुळे" असं कारण कुठल्याच पंचनाम्यात नसतं. तो मृत्यू फक्त वर्षाच्या तक्त्यात दिसतो, आणि तोही रिग्रेशन लावल्यावर. उलट वाचलेली मिनिटं मात्र प्रत्येकाला रोज घड्याळात दिसतात. म्हणून वेगमर्यादा वाढवणं नेहमी फुकट वाटतं. मिनिटं सगळ्यांच्या वाट्याला येतात आणि किंमत मोजणारे थोडे, तेही बिनचेहऱ्याचे. १९७४ मध्ये उलट झालं होतं. मिनिटं सगळ्यांची गेली आणि वाचलेल्या हजारो लोकांपैकी एकालाही कळलं नाही की आपण वाचलो. मग ५५ चे आभार मानणार कोण?

आता आपल्याकडे येऊ. ६ एप्रिल २०१८ ला केंद्र सरकारच्या अधिसूचनेने कारसाठी एक्स्प्रेसवेवर १२० आणि चौपदरी महामार्गांवर १०० ची कमाल मर्यादा आणली, राज्यांना त्याहून कमी ठेवायची मुभा होतीच. रस्ते आणि इंजिनं सुधारली, हा युक्तिवाद. संसदेत बावीस वर्षं तर सोडाच, आपल्यापैकी किती जणांना ही बातमी आठवते? मग मार्च २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द ठरवली. आणि प्रकरण काय होतं, तर अपघातात कायमचं अपंगत्व आलेल्या एका व्यक्तीच्या नुकसानभरपाईचं. इंजिन सुधारलं म्हणून चालवणारा सुधारत नाही, असा एकंदर न्यायालयाचा सूर होता. निर्णय बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण देशाच्या वेगाचा प्रश्न आपल्याकडे खुल्या चर्चेत आला तो एका जखमी माणसाच्या अपिलातून, हे मला विसरता येत नाही. निदान त्या एका किमतीला चेहरा होता.

शेवटचं गणित मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचं, आपल्या रोजच्या वादाचं. लांबी ९४.५ किमी. सोयीसाठी घाट नाही असं धरू. १०० ने लागतात साधारण ५७ मिनिटं, १२० ने ४७. वाचली साडेनऊ मिनिटं. धडकेतली ऊर्जा वाढली ४४ टक्के. अमेरिकेतला सव्वा लाख तासांचा भाव इथे लावला, तर जवळजवळ आठ लाख प्रवाशांनी प्रत्येकी साडेनऊ मिनिटं वाचवली की एका जीवाची बरोबरी. आणि तो भाव रुंद, मोकळ्या ग्रामीण इंटरस्टेटचा आहे. आपल्याकडे उजव्या लेनमध्ये चाळीसने चढणारा कंटेनर असतो आणि त्याच्यामागे शंभरने आलेली कार असते. लेव्ह ज्या तफावतीबद्दल लिहीत होता ती बघायला खंडाळ्याला जावं. कारची मर्यादा वाढवून ट्रकचा वेग वाढत नाही, फक्त तफावत वाढते. त्यामुळे वेग वाढवा म्हणणारे ज्याच्या आधारे बोलतात, तोच मुद्दा आपल्या रस्त्यावर त्यांच्या विरुद्ध जातो.

याच रस्त्याचे आणखी दोन आकडे देतो. २०१६ मध्ये इथे १५१ माणसं मेली. त्या वर्षी पोलीस, रस्ते विकास महामंडळ आणि एका स्वयंसेवी संस्थेने मिळून काम सुरू केलं. उघड्या जागी बॅरियर, खांब-कठड्यांना संरक्षण, वेगावर नजर, रुग्णवाहिका लवकर पोचवणं, अशी साधी, कंटाळवाणी कामं. २०१९ मध्ये मृत्यू ९२ वर आले. पाटीवरचा आकडा खाली न आणता. म्हणजे आकड्यावरून भांडण्याआधी करण्यासारखं बरंच काही असतं, आणि ते केल्यावरच आकड्याचं भांडण नीट करता येतं.

मी वेग वाढवायच्या कायमचा विरोधात आहे असं नाही. ५५ मोंटानासाठी चुकीचाच होता असं मला वाटतं, आणि समृद्धी महामार्गासारख्या १५० च्या डिझाइनच्या रस्त्याला ८० ची पाटी लावली तर ती कुणी पाळणार नाही. माझं म्हणणं एवढंच की पुढच्या वेळी कुणी "मर्यादा वाढवा" किंवा "कमी करा" म्हणालं की त्याला भाव विचारायचा. किती मिनिटं, किती जीव, कुठला रस्ता, आणि ती मिनिटं ज्यांची वाचणार त्यांच्यात आणि मरणाऱ्यांत तीच माणसं आहेत का? टोलनाक्याजवळ रस्ता ओलांडणारा गावातला माणूस एक्स्प्रेसवेवरची साडेनऊ मिनिटं कधीच वाचवत नाही.

अमेरिकेने बावीस वर्षांत तेल, निधी, राज्यांचे हक्क, रेडिओ, गाणी, सगळ्यावर वाद घातला आणि हा एक हिशोब बहुतेक वेळ अर्थशास्त्रज्ञांवर सोडून दिला. आपल्याला तो निदान कॅन्टीनमध्ये तरी मांडता यावा. कॅल्क्युलेटर तर प्रत्येकाच्या खिशात आहे.